आधी ड्यूटी-लिस्ट दाखवा

दर वर्षी १ जुलैला, म्हणजे डॉक्टर्स डेला, वर्तमानपत्रांत एक ठरावीक लेख येतो. एरवी एखाद्या निवासी डॉक्टरने आत्महत्या केली की त्यानंतरच्या आठवड्यातही तो येतोच. इतरांना सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःलाही सांभाळावं, असा त्याचा सूर असतो. पुढे उपाय असतात: प्राणायाम, ध्यान, एखादा छंद, कृतज्ञतेची डायरी, मित्रांशी मोकळं बोलणं, गरज पडल्यास समुपदेशकाची भेट. लिहिणारे बहुधा सज्जन असतात, पुष्कळदा ज्येष्ठ डॉक्टरच असतात, आणि त्यांचा एकेक सल्ला सुटा घेतला तर खोडून काढण्यासारखा नसतो. प्राणायामाने कुणाचं वाईट झालं आहे? पण ही सगळी मोळी बांधून ती कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवली की तिचा अर्थ एवढाच उरतो: तू थकलास, कारण तुझं मन कच्चं आहे. हे साफ खोटं आहे आणि त्याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो, म्हणून हे लिहिते आहे. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथला थकवा माणसाच्या मनात शोधून सापडत नाही. तो ड्यूटी-लिस्टवर असतो, टाइप केलेला, सहीशिक्क्यानिशी.

बर्नआउट ही कल्पना १९७४ मध्ये मांडली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो स्वतः राबत होता आणि आजूबाजूची उत्साही माणसं हळूहळू कशी चिडखोर आणि कोरडी होत जातात ते बघत होता. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांच्या सहकारी यांनी त्याची मोजपट्टी तयार केली: सतत पिळून निघाल्यासारखं वाटणं, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटू लागणं आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली, पण आजार म्हणून घेतली नाही. नोकरीच्या ठिकाणी तयार होणारी अवस्था म्हणून घेतली, आणि आयुष्याच्या इतर भागांना हे नाव लावू नका अशी सूचनाही सोबत दिली. बिघाड कामाच्या जागी आहे असं एवढं स्पष्ट लिहून ठेवलेलं असताना आपण पंप लावतो तो काम करणाऱ्याच्या डोक्याला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कॅज्युअल्टीतली रात्र बाहेरच्यांना माहीत असते ती मालिकांमधून. खरी रात्र अशी असते. फवारणीचे दिवस आहेत, दोन वाजलेत आणि कीटकनाशक प्यायलेला एक जण आणला जातो. आमच्या भाषेत नुसता 'ओपी'. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत खरखर. अ‍ॅट्रोपिन द्यायचं, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी बघायची, आणि छाती कोरडी होईपर्यंत डोस दुप्पट करत जायचा. एका अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे तीन मिलिग्रॅमसाठी पाच काचा फोडायच्या, मग दहा, मग वीस. बोटं कापतात. हे करणारा डॉक्टर त्या खाटेपासून हलूच शकत नाही. आणि नेमकी त्याच वेळी उलटलेल्या जीपमधली पाच माणसं दारात उतरतात. त्या प्रत्येकाची एमएलसी, म्हणजे पोलिसी प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करायची: नाव, वय, गाव, कुणी आणलं, ओळखीच्या दोन खुणा, प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी, पोलिसांना कळवल्याची वेळ. डोक्याला मार लागलेल्याला सीटीला न्यायचं आहे, पण मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच आणि तो ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेलाय. मग इंटर्न ट्रॉली ढकलतो आणि नातेवाईक सलाइनची बाटली उंच धरून शेजारून धावतो. तेवढ्यात सिस्टर हाक मारते, ओपीची पाच मिनिटं होऊन गेलीत. काचा फोडणारा हा जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, काल सकाळी आठला कामावर आलेला आहे आणि आज संध्याकाळपर्यंत सुटणार नाही, कारण सकाळी राउंड आहे, राउंडनंतर वॉर्डाची कामं आहेत. कृतज्ञतेची डायरी यात नेमकी कुठल्या पाच मिनिटांत लिहायची, तेवढं कुणी सांगावं.

अशा विभागासाठी एका रुग्णालयाने काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे. नाव कशाला घ्या, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. परिपत्रक निघालं: 'वेलनेस सेशन', दुपारी दोन ते चार, सेमिनार हॉल, उपस्थिती अनिवार्य. ड्यूटीवरच्यांना सोडता येत नव्हतं, म्हणून अनिवार्य उपस्थिती आली ती पोस्ट-ड्यूटीवाल्यांच्या वाट्याला, म्हणजे रात्रभर जागून जे खोलीवर जाऊन आडवे होणार होते त्यांच्या. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाई मृदू बोलायच्या. एसी सुरू होता. त्यांनी पहिलीच सूचना दिली, 'डोळे मिटा.' सभागृह झोपलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा तर चक्क घोरत होता. प्रशिक्षक बाईंना वाटलं, विश्रांतीचं तंत्र लागू पडलं, आणि एका अर्थी त्यांचं चुकलंही नव्हतं. शेवटी हजेरीच्या कागदावर सह्या, ग्रुप फोटो, आणि अहवाल वर रवाना. मुलांची दोन तासांची झोप त्या अहवालात कल्याणाच्या खात्यावर जमा झाली.

'म्हणजे मनाची ताकद वाढवण्यात काही अर्थच नाही का?' असं विचारलं जातं. अर्थ आहे, पण प्रश्न तो नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पाच हजारांहून अधिक डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की डॉक्टरांची रेझिलियन्स, म्हणजे कोसळून पुन्हा उभं राहण्याची ताकद, इतर नोकरदारांपेक्षा मुळातच जास्त असते. आणि त्या मोजपट्टीवर ज्यांना सर्वांत वरचे गुण मिळाले, त्यांच्यातही २९ टक्के डॉक्टर बर्नआउटने ग्रासलेले होते. आता या शंभरपैकी शंभरवाल्यांना आणखी कसलं प्रशिक्षण देणार आहात? २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. वैयक्तिक पातळीवरचे कार्यक्रम, म्हणजे माइंडफुलनेस, तणाव-व्यवस्थापन, वेलनेस अ‍ॅप असल्या गोष्टी घेणारे आणि न घेणारे, यांच्या स्वास्थ्यात फरक दिसला नाही. त्याआधी २०१७ मध्ये डॉक्टरांवरच्या एकोणीस अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. त्याचा निष्कर्ष असा की उपायांचा एकूण परिणाम लहानच असतो, पण जे उपाय संस्थेने स्वतःत बदल करून केले, त्यांचा परिणाम माणसाला सुधारायला निघालेल्या उपायांपेक्षा मोठा असतो. हे आकडे परदेशातले आहेत हे मान्य. पण माणसाला झोप लागते ती इथेही तशीच लागते.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. नैराश्य हा आजार आहे. त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो, औषधं लागतात, आणि ती घेतोय हे लपवावं लागू नये अशी हवा लागते. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख असलेल्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये जीव दिला. मनावर उपचार घेतल्याचं उघड झालं तर परवाना जाईल, अशी भीती तिथल्या डॉक्टरांना असते, आणि ती त्यांनाही होती असं त्यांच्या कुटुंबाने जाहीरपणे सांगितलं. २०२२ मध्ये त्यांच्या नावाने तिथे कायदा झाला. आपल्याकडे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या ऑनलाइन पाहणीत उत्तरं देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं नोंदवलं. ऑनलाइन पाहणीला उत्तर देतो तो आधीच होरपळलेला असू शकतो, हे धरूनसुद्धा आकडा हादरवणारा आहे. समुपदेशक हवेतच, आणि ते कॉलेजच्या आवारात, नाव गुप्त ठेवणारे, रात्रीही भेटणारे हवेत. पण समुपदेशकाकडून उठून तो पोरगा पुन्हा छत्तीस तासांच्या ड्यूटीवर जाणार असेल, तर समुपदेशकाने त्याला सांगायचं काय?

आता सर्वांत जुना आणि सर्वांत बोचरा आक्षेप. 'आमच्या काळी आम्ही बहात्तर-बहात्तर तास उभे राहिलो. आम्हाला काही झालं नाही. आताची पोरं नाजूक.'

हे म्हणणाऱ्या सरांबद्दल मला आदर आहे, त्यांतल्या काहींनीच मला इंट्युबेशन शिकवलं. पण हा युक्तिवाद करतं कोण? जे टिकले तेच. जे रेसिडेन्सी अर्ध्यात सोडून गावी जनरल प्रॅक्टिस करायला गेले, जे झोपेच्या गोळ्यांच्या नादी लागले, जे पोस्ट-ड्यूटी मोटारसायकलवरून घरी जाताना रस्त्यात गेले, ते व्यासपीठावर भाषणाला येत नाहीत. दुसरं असं की कामच बदललं. त्या काळच्या कॅज्युअल्टीत हार्ट अटॅकच्या रुग्णाला द्यायला फार काही नव्हतं. आज पहिला तास आहे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, कॅथलॅबला फोन आहे, स्ट्रोकचा घड्याळाशी सामना आहे. सोबत संमतीपत्रं आहेत, सरकारी योजनेची ऑनलाइन मंजुरी आहे, आणि नातेवाइकाच्या हातात मोबाइलचा कॅमेरा आहे. तेव्हाच्या बहात्तर तासांत मध्ये मध्ये मोकळे तास तरी असत, असं तेच सर चहा पिताना सांगतात.

आणि 'काही झालं नाही' हे ठरवलं कुणी? तुम्हाला झालं नसेल. रुग्णाला झालं की नाही, ते मोजलंच कुठे होतं? जिथे मोजलं तिथे काय निघालं ते बघा. २००४ मध्ये बोस्टनच्या अतिदक्षता विभागांत इंटर्न डॉक्टरांच्या दोन वेळापत्रकांची तुलना झाली. चोवीस तासांहून लांब पाळ्या असलेल्या जुन्या वेळापत्रकात गंभीर वैद्यकीय चुका ३६ टक्के जास्त झाल्या. त्याआधी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी दाखवलं होतं की सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाचे हात आणि लक्ष इतके मंदावतात, की जणू रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. याचा अर्थ सकाळी सातला उठलेला निवासी डॉक्टर मध्यरात्रीनंतर जेवढा चुकतो, तेवढं चुकण्याइतकी दारू पोटात असती, तर नाक्यावरच्या हवालदाराने त्याला स्कूटरवरून खाली उतरवलं असतं. इथे आपण त्याच्या हातात सेंट्रल लाइनची सुई देतो.

एसटीच्या ड्रायव्हरसाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले तेव्हा २०२५ च्या डिसेंबरात देशभरचे विमानतळ खोळंबले, आणि वैमानिकाने किती झोपावं यावर सगळा देश आठवडाभर बोलत होता. डॉक्टरांसाठी काहीच नाही असं मात्र समजू नका. ५ जून १९९२ चा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा निर्देश आहे: निवासी डॉक्टरला साधारणपणे सलग बारा तासांहून जास्त ड्यूटी नको, आठवड्याला साधारण ४८ तास, आळीपाळीने एक साप्ताहिक सुट्टी. 'साधारणपणे' आणि 'कामाच्या निकडीनुसार' या दोन खिडक्या त्यात उघड्या ठेवल्या होत्या, आणि सगळी व्यवस्था त्या खिडक्यांतून पळून गेली. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत तर आकडाच उरला नाही, 'वाजवी तास' आणि 'वाजवी विश्रांती' एवढंच आहे. आणि २०२४ च्या ज्या टास्क फोर्सचा उल्लेख मघाशी केला, त्याने शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. बत्तीस वर्षांत अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले, आणि ती सुधारणा ठरली! वाईट याचं वाटतं की ती खरोखरच सुधारणा आहे. चौऱ्याहत्तर तास मिळाले तर आमच्याकडची मुलं पेढे वाटतील.

अभ्यासू विरोधक इथे एक खरा मुद्दा काढतात, तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकेत पुढे दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१६ मध्ये सर्जरीच्या आणि २०१९ मध्ये मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांवर. पाळ्यांची लांबी सैल सोडली तरी रुग्णांच्या मृत्यूचं प्रमाण वाढलं नाही, असं त्यांत आढळलं. 'बघा, लांब ड्यूटीने काही बिघडत नाही!' पण या चाचण्यांत दोन्ही बाजूंना आठवड्याला सरासरी ८० तासांची कमाल मर्यादा होती, सात दिवसांत एक दिवस पूर्ण सुट्टी होती, आणि ती मर्यादा मोडली तर कॉलेजची मान्यता धोक्यात येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुलना झाली ती कडक नियम आणि थोडे सैल नियम यांची. नियम आणि बेबंदशाही यांची तुलना अजून कुणी केलेली नाही. करायची असेल तर आमच्याकडे यावं, बेबंदशाहीच्या गटात माणसं मुबलक आहेत.

'तास कमी केले तर शिकणार कधी?' ही त्याच आक्षेपाची धाकटी बहीण. ब्रिटनमध्ये २००९ पासून शिकाऊ डॉक्टरांना सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे, आणि तिथले डॉक्टर अडाणी निपजल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे एखाद्या जेआर-वनच्या छत्तीस तासांतले किती तास तो शिकत असतो? रक्ताच्या बाटल्या लॅबला पोहोचवणं, रिपोर्टसाठी खिडकीपाशी उभं राहणं, ट्रॉली ढकलणं, चौथ्या रजिस्टरात तीच माहिती चौथ्यांदा लिहिणं, रक्तपेढीशी भांडणं. यातून तो शिकतो ते एवढंच की आपला वेळ फुकट आहे. शिकवण्याची एवढी कळकळ असेल तर रात्री दोन वाजता ओपीच्या खाटेशी सिनिअर उभा ठेवा. शिक्षण तिथे होतं. इमर्जन्सी मेडिसिनला आपल्या देशात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली तीच २००९ मध्ये, आणि अजूनही कितीतरी कॅज्युअल्ट्या चालतात त्या दुसऱ्या विभागांनी नाइलाजाने पाठवलेल्या सर्वांत धाकट्या माणसावर.

मारहाणीबद्दल बोलताना तर या वेलनेसवाल्यांची कमाल होते. डॉक्टरवर हात उगारला गेला की पुढच्याच महिन्यात 'संवादकौशल्य' कार्यशाळा ठेवली जाते. म्हणजे मार खाणाऱ्याला बोलता आलं नाही, हा दोष. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, सुरक्षारक्षकांची आश्वासनं मिळाली. वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसेला तीन वर्षांपर्यंतची कैद आणि पन्नास हजारांपर्यंतचा दंड सांगणारा महाराष्ट्राचा कायदा तेव्हा सात वर्षांचा झाला होता. कायदा दारावर बोर्डाच्या रूपाने लटकत असतो, खाली स्टुलावर एक पेंगुळलेला गार्ड असतो, आणि समोर पन्नास नातेवाईक असतात.

ते नातेवाईक ओरडत काय असतात ते एकदा नीट ऐका. 'मोठे डॉक्टर कुठे आहेत?' शंभरातल्या नव्वद वेळा प्रश्न हाच असतो. प्रश्न बरोबर आहे! तीन वाजता त्यांच्या बापाजवळ चोवीस-पंचवीस वर्षांचं एक पोर उभं आहे, त्याच्यावर चार खाटांचा भार आहे, तो दर वेळी अर्धं वाक्य बोलून पळतो, आणि निर्णय घेणारा माणूस फोनवर आहे. संवादकौशल्याने त्या पोराने सांगावं तरी काय? नातेवाईक आणि निवासी डॉक्टर खरं तर एकाच व्यवस्थेवर चिडलेले असतात. व्यवस्था तिथे हजर नसते म्हणून ते एकमेकांच्या अंगावर जातात.

व्यवस्था हजर नसते याची दोन उदाहरणं महाराष्ट्र विसरलेला नसावा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. दोनच महिन्यांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४, त्यांत १२ नवजात बाळं. आजूबाजूच्या तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून 'रेफर'ची चिठ्ठी घेऊन आलेला जो तो या दारात उतरत होता. २०१४ मध्ये १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि माणूस दारापर्यंत लवकर पोहोचू लागला, ही फार चांगली गोष्ट झाली. दाराच्या आत माणसं वाढवायचं मात्र राहून गेलं. नांदेडला मग एक खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. कॅमेरे होतेच. सफाई कामगारांची आणि परिचारिकांची किती पदं रिकामी आहेत, हे विचारायला कॅमेरा लागत नाही, म्हणून बहुधा ते तितक्या जोराने विचारलं गेलं नाही.

परिचारिकांचं नाव निघालंच आहे तर सांगते, या सगळ्या वेलनेस-चर्चेत त्या कुठेच नसतात. अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो मी कागदावरच वाचला आहे. मामा आणि मावशी कंत्राटी, त्यांचा पगार कधी होईल ते कंत्राटदार जाणे. १०८ वरचा डॉक्टर रुग्ण आमच्या हवाली करून पाणी पिऊन पुन्हा गाडीत बसतो. सुईणीपासून सफाईवालीपर्यंत सगळ्यांची ड्यूटी एकाच भोकाने गळते आहे, पण ध्यानाला बोलावलं जातं ते फक्त डॉक्टरांना.

पैशाचा आक्षेप थोडक्यात आटोपते. मंजूर पदं भरायला नवं धोरण लागत नाही. ती मंजूर आहेत, म्हणजे कुणीतरी पैशाचा विचार करूनच मंजूर केली असणार.

मग करायचं काय? इमर्जन्सीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, यादी पाठ असते आणि तिच्यात एकही नवीन गोष्ट नसते. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकाव्यात, उलट्या नव्हे, आणि ओळीने तीनचारच रात्री असाव्यात. रात्रपाळीनंतरची सुट्टी म्हणजे सुट्टी, राउंड नाही, सेमिनार नाही, वेलनेस तर नाहीच. पाळी बदलताना अर्धा तास दोघांनाही मिळावा, रुग्ण एकमेकांच्या हाती नीट सोपवण्यासाठी. एमएलसी आणि ऑनलाइन नोंदींना रात्रीसुद्धा एक लेखनिक असावा. सीटीला न्यायला माणूस असावा. सेकंड ऑन-कॉलने फोनवर 'बघतो' न म्हणता यावं. ड्यूटी-रूमला आतून कडी असावी, आणि बायकांचं स्वच्छतागृह तिथून दोन मजले आणि एक अंधारा जिना लांब नसावं. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टर मुलीचा खून झाला, त्यानंतर तरी हे पुन्हा सांगावं लागू नये. त्या मुलीला टेकायला म्हणून मिळाली होती ती सेमिनार रूम. रात्री दोनला गरम काहीतरी खायला मिळावं. आणि एखादं मूल हातात गेलं की आईबापांना सांगायला सिनिअरने सोबत यावं, आणि त्यानंतर त्या डॉक्टरला अर्धा तास कुणी हाक मारू नये. तो अर्धा तास द्यायचा तर तेवढा वेळ त्या डॉक्टरच्या खाटा बघणारा दुसरा माणूस पाळीवर असावा लागतो. शेवटी सगळं येऊन अडतं ते माणसांच्या संख्येशीच.

म्हणून माझी मागणी एकच आणि अगदी कारकुनी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांची हजेरी आता आधारला जोडलेल्या यंत्रणेवर लागते. कोण आलं नाही, ते त्यात लगेच कळतं. कोण गेलंच नाही, हेही तीच यंत्रणा सांगू शकते, फक्त तो रकाना कुणी उघडत नाही. प्रत्येक निवासी डॉक्टरची, इंटर्नची आणि परिचारिकेची येण्याची आणि जाण्याची खरी वेळ नोंदवा, महिन्याच्या शेवटी तासांची बेरीज करा, नावं झाका, आणि ती यादी रिकाम्या पदांच्या आकड्यासह कॅज्युअल्टीच्या दारावर लावा. नातेवाईक वाचतील, पत्रकार वाचतील, आमदार-खासदार वाचतील. न्यायालयात आणि चौकशी समितीसमोर वेलनेसचे फोटो द्यायच्याऐवजी ती यादी देता येईल.

'असं केलं तर रुग्णालयाची बदनामी होईल,' असं एका बैठकीत मला सांगण्यात आलं. होईल ना. नांदेडला झाडू हातात देऊन केली, तशीच होईल. फरक इतकाच की या बदनामीतून किती माणसं कमी पडतात तो आकडा तरी हाती लागेल.